राळेखालची खाच

खूप जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की त्या राज्याचं नाव सांगणारं आता कुणी उरलेलं नाही. मलाही ते ठाऊक नाही, तेव्हा उगाच विचारू नका. पोरांनो, ऐका. आणि पोरांच्या आजोबांनो, तुम्हीही ऐका, झोपेचं सोंग घेऊ नका.

त्या राज्यातल्या एका गावी, चावडीत, एक शिसवी मेज होतं. लांबरुंद, काळंभोर, चार माणसांनाही हलेना असं. गावाला लिहिता-वाचता येत नव्हतं. म्हणून राजाने गावाला एखादा शब्द दिला, की सगळ्यांच्या देखत त्या मेजावर पटाशीने एक खाच पाडायची, अशी रीत होती. अशा सात खाचा होत्या. कोणती खाच कशाची, हे गावातल्या शेंबड्या पोरालाही सांगता यायचं.

सगळ्यांत लांब खाच पाण्याची. गादीवरच्या राजाच्या आजोबांनी ती पाडली होती. पाटाचं पाणी दर चौथ्या दिवशी खालच्या आळीला मिळेल, हा तो शब्द. तंटा झाला की खालच्या आळीचा माणूस चावडीत यायचा, त्या खाचेवर तळहात ठेवायचा आणि म्हणायचा, "माझी पाळी द्या." मग नाही म्हणायची कुणाची छाती होत नसे.

पुढे गावाला एक नवा कारभारी आला. त्याने पाटाच्या वरच्या अंगाला केळीची बाग लावली. केळीला पाणी किती लागतं, ते मी सांगायला नको. चौथ्या दिवसाची पाळी आठव्यावर गेली, आठव्याची पंधराव्यावर. खालच्या आळीत वांग्यांच्या रोपांनी माना टाकल्या. माणसं चावडीत येऊन खाचेवर हात ठेवू लागली, आणि कारभाऱ्याला त्या खाचेचाच राग येऊ लागला. बघा हं, पाणी आपण पळवायचं आणि चिडायचं कुणावर, तर लाकडावर!

अशात निरोप आला, की दहा दिवसांनी राजा स्वतः गावाची पाहणी करायला येतोय.

कारभाऱ्याने रोगणबाईला बोलावणं धाडलं. ही बाई लाकडाला रोगण चढवायची. राळ आणि जवसाचं तेल कढवून असं रोगण करायची, की त्यात बघून भांग पाडावा. होती खालच्याच आळीची. चावडीमागची पडवी तिला कामाला दिलेली होती. तिथेच तिची भट्टी, तिथेच तिची चूल. ती पडवी गेली तर तिचं पोट गेलं, इतका सरळ हिशेब.

"महाराज येताहेत," कारभारी म्हणाला. "मेजाला रंधा मार. एक खाच दिसता कामा नये. वर असं रोगण दे, की महाराजांना त्यात स्वतःचा चेहरा दिसला पाहिजे."

"रोगण देते," ती म्हणाली. "रंधा मारणार नाही."

"का म्हणून?"

"खाचा माझ्या नाहीत, कारभारी. तुमच्याही नाहीत. ज्याने शब्द दिला त्याच्या, आणि ज्यांना दिला त्यांच्या."

"मग पडवी खाली कर. भट्टी उचल आणि वेशीबाहेर चालती हो!"

"होते. पण रंधा मारणार नाही."

कारभारी हबकला. धमकी दिली की माणूस वाकतो, एवढंच त्याला माहीत होतं. दुसरा कारागीर परगावाहून आणायचा तर दहा दिवस पुरले नसते. त्याने मेजावरून हात फिरवला, दाढी खाजवली आणि एकदम त्याचा चेहरा उजळला.

"बरं, राहिला तुझा रंधा. राळ बोटभर जाड ओत. खाचा भरून जातील, वरून सगळं सपाट. मग तर झालं?"

जन्मात कधी रोगणाला हात न लावलेला माणूसच असं बोलू शकतो.

"कारभारी, राळ खाच भरते. पुसत नाही."

"मला अक्कल शिकवू नकोस. सपाट झालं म्हणजे गेलं!"

"तोंडावर सांगितलंय. मागाहून सांगितलं नाही म्हणू नका."

ती कामाला लागली. आधी सुईने एकेक खाच कोरून कितीएक वर्षांचा मळ काढला. मेजावर पाण्याची वाटी ठेवली, पाणी जिकडे कललं तिकडच्या पायाखाली पाचर मारली. मग राळेचा एक पातळ हात दिला. लाकूड पिऊन तृप्त झालं पाहिजे, नाहीतर ते आतून श्वास सोडतं आणि वर बुडबुडे येतात. जमिनीवर पाणी शिंपडून धूळ बसवली आणि ती बोटभर राळ ओतायला उभी राहिली.

तेवढ्यात दार उघडून खालच्या आळीचा म्हातारा पाटकरी आत आला. कारभारी सांगेल तेव्हा पाटाची दारं उघडायची नि बंद करायची, हे त्याचं काम. त्याचे डोळे भरून आले होते.

"पोरी, तूसुद्धा? आमची खाच तू बुजवणार?"

"काका, चार दिवस दम धरा."

"दम धरून रोपं वाळली आमची. कारभाऱ्याच्या पंक्तीला जाऊन बसलीस तू!"

ते तिला लागलं, फार लागलं. हातातली राळ थंड होत होती, समजावत बसायला वेळ नव्हता. "शिव्या घालायच्या तर घाला," ती म्हणाली, "पण दार लावून घ्या. धूळ येतेय."

तिने राळ ओतली. निखाऱ्यांची तवी वरून फिरवली, तसे बुडबुडे एकेक करून फुटले. मग बाहेर येऊन दाराला कडी घातली. राळ बसेपर्यंत त्या खोलीत कुणी पाऊल टाकायचं नाही, हा त्या कामाचा नियमच. कारभाऱ्यानेही आग्रह धरला नाही. त्याच्या मनात मेज कधीच कोरं झालं होतं.

दार उघडलं ते राजा आल्यावरच. सारा गाव चावडीत लोटला.

"या महाराज," कारभारी लवून म्हणाला. "आपलं मुखकमल पाहावं."

राजा मेजावर वाकला. चेहरा लख्ख दिसला. आणि कपाळापासून हनुवटीपर्यंत, चेहऱ्याच्या मधोमध, पाण्याची खाच! राळ काचेसारखी आरपार, आणि मळ गेल्यामुळे खाचेची कड न् कड दिसत होती. पूर्वी ती चाचपून शोधावी लागे, आता दारातूनही दिसत होती.

"हे काय आहे?"

"जुनं लाकूड, महाराज. तडा गेलाय," कारभारी कसाबसा म्हणाला.

"तडा नाही," रोगणबाई पुढे झाली. "तुमच्या आजोबांचा शब्द आहे. चौथ्या दिवशी खालच्या आळीला पाणी. आज अठरावा दिवस आहे."

"पटाशी आणा!" कारभारी ओरडला. "खरवडून काढा ते!"

शिपायाने पटाशी मारली. ती सर्रकन घसरली, केसाएवढा ओरखडा उठला.

"घासा," रोगणबाई म्हणाली. "बोटभर राळ आहे. उतरवायला आठ दिवस लागतील. आठही दिवस आम्ही इथे बसून बघू, कोण घासतंय ते!"

शिपायाने पटाशी खाली ठेवली. राजाही अवघडला. त्या बागेतले केळीचे घड राजवाड्यातही जात होते, आणि ते त्याला ठाऊक होतं. तो हळू आवाजात म्हणाला, "बाई, तू कारभाऱ्याचा हुकूम मोडलास. माफी माग. पडवी तुझीच राहील."

"सपाट करायला सांगितलं, सपाट केलं. चेहरा दिसायला हवा होता, दिसतोय. माफी कशाची मागू, महाराज?"

तेव्हा गर्दीतून म्हातारा पाटकरी पुढे आला. त्याने मेजावर तळहात ठेवला, खाचेच्या बरोबर वर. "हाताला लागत नाही आता," तो म्हणाला, "पण दिसतेय झकास. माझी पाळी द्या."

त्याच्या शेजारी दुसरा हात आला, मग तिसरा. बघता बघता मेजाची कड हातांनी भरून गेली. कुणी मागे हटेना.

राजाने पुन्हा खाली पाहिलं. हातांच्या मधून त्याचा चेहरा दिसत होता, आणि त्या चेहऱ्यावर ती खाच. नजर चुकवायला जागाच नव्हती.

"पाट उघडा," तो म्हणाला.

त्याच दुपारी खालच्या आळीला पाणी आलं. कारभाऱ्याची बाग तेव्हापासून आपल्या पाळीवर भिजू लागली, आणि रोज त्याच मेजाशी बसून पाण्याचे तंटे सोडवायचं काम राजाने त्याच्याच गळ्यात घातलं. रोगणबाईने माफी काही मागितली नाही, म्हणून पडवी मात्र तिची गेली. ती भट्टी डोक्यावर घेऊन खालच्या आळीत गेली. आळीने दोन दिवसांत तिला छप्पर उभारून दिलं, आणि त्याच्या कुडाला पहिलं शेण पाटकऱ्याने स्वतः लावलं.

बोध: हुकूम कुणाचाही असो, लोकांना दिलेला शब्द पुसायला आपला हात द्यायचा नाही.