सर्वांत जवळचे अक्षर

एका डोंगरी मुलुखात एकदा एक वृद्ध गुरुजी राहत होते. पागो त्यांचे नाव. त्या मुलुखाला स्वतःची लिपी होती. तिच्यात 'का'ला एक चिन्ह, 'को'ला दुसरेच, असे प्रत्येक उच्चाराला स्वतंत्र चिन्ह होते. संगणकाला मात्र ती ठाऊक नव्हती. फोनवरून निरोप धाडायचा तर परक्या लिपीत, नाहीतर कागदावर लिहून त्याचा फोटो काढायचा.

गुरुजींची शिष्या बिंती शहरात शिकून आली होती. अक्षरांना संगणकासाठी क्रमांक देणारी एक समिती असते. क्रमांक मिळाला की ते अक्षर सगळ्या यंत्रांवर उमटते, हे तिला तिथे कळले. तीन वर्षे खपून तिने चिन्हांचा तक्ता सिद्ध केला. आता अर्जावर एका जाणत्या माणसाची त्याच लिपीतली सही तेवढी हवी होती, म्हणून ती गुरुजींकडे आली. मुदत त्याच दिवशी सायंकाळी संपत होती.

गुरुजी सावकाश वाचत होते. बिंतीचे चित्त थाऱ्यावर नव्हते. ती अंगणात येरझारा घालत होती, घड्याळ पाहत होती.

"'लो' आहे. 'ळो' कुठं आहे?" गुरुजींनी विचारले.

"गुरुजी, 'ळो' फक्त वरच्या खोऱ्यातले लोक लिहितात. असतील चारशे माणसं. मला ते चिन्ह एका जुन्या पत्रात दिसलं, तेही पुसट. तिकडे जाऊन यायला चार दिवस लागतात."

"म्हणून इथे लिहिलंस, की 'ळो' हे 'लो'चंच वेगळं वळण आहे?"

"काहीतरी खुलासा द्यावाच लागतो. त्यांनी 'लो' वापरावा. सर्वांत जवळचं अक्षर तेच आहे."

गुरुजींनी लेखणी उचलली आणि सही केली. बिंतीने कागद जवळजवळ ओढूनच घेतला, आणि तिचा चेहरा उतरला. पहिले चिन्ह 'पा' नव्हते, 'बा' होते. एका टिंबाचा फरक. पण त्यांच्या भाषेत 'बागो' म्हणजे शेतातले बुजगावणे.

"गुरुजी, हे काय केलंत! ही तुमची सही नाही. अर्ज परत येईल!"

"सर्वांत जवळचं अक्षर घातलं," गुरुजी म्हणाले.

बिंती उसळून म्हणाली, "आणि आपली मुलं? पुढच्या मुदतीपर्यंत त्यांनी अजून एक वर्ष थांबायचं?"

"थांबायचं. मलाही त्याचं दुःख आहे. पण ऐक. वरच्या खोऱ्यात झेळो नावाची एक म्हातारी आहे. झेळो म्हणजे पहाट. तुझ्या तक्त्यात तिची 'झेलो' होईल. झेलो म्हणजे कोंडा. आज यंत्राला तिचं नाव माहीत नाही. उद्या मात्र ते तिच्या नातवंडांना सांगेल, की तुमच्या आजीचं नाव आजीलाच लिहिता येत नाही. जे नोंदलंच नाही, त्याची वाट पाहता येते, पोरी. चुकीचं नोंदलेलं खोडायला पिढ्या जातात."

दुसरा एखादा जाणता गाठून सही घेण्याचा विचार दोनदा बिंतीच्या मनात आला. एकदा तर ती फाटकापर्यंत गेलीही. पण तिथून पुढे पाऊल उचलेना. सायंकाळ झाली. मुदत टळली.

सकाळी ती घुश्शातच निघाली. दोन दिवस चढण चढून वरच्या खोऱ्यात पोचली. झेळोआजी ओट्यावर शेंगा सोलत होती. बिंतीने तक्ता पुढे ठेवताच म्हातारी त्यावरून बोट फिरवू लागली. एक ओळ, दुसरी, मग शेवटची. पुन्हा पहिल्यापासून.

"माझं नाव ह्यात नाही गं," ती म्हणाली. तक्रार म्हणून नव्हे. आपलीच नजर कमी पडली असावी, अशा सुरात.

बिंतीला मान वर करवेना. "आजी, तुम्ही लिहून दाखवाल?"

म्हातारीने कोळशाने ओट्यावर 'ळो' काढला. 'लो'शी त्याचे काही नातेच नव्हते. पुसट पत्रात बिंतीला जी वेडीवाकडी शेपटी वाटली होती, तो खरे तर अक्षराचा आरंभ होता.

बिंतीने ते चिन्ह वहीत उतरवून घेतले आणि सवयीने उठायला लागली.

"कुठं निघालीस?" म्हातारी म्हणाली. "आमची अजून पाच अक्षरं आहेत. बस."

बिंती खाली बसली. तिने वहीचे नवे पान उघडले, आणि त्या दिवशी पुन्हा घड्याळाकडे पाहिले नाही.