हिरव्याच्या दोन गाठी

फार जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की तेव्हाचे राजे लोकांचं म्हणणं स्वतःच्या कानांनी ऐकून घेत.

एका गावात एक रंगारी होता. कामात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. कापड किती वेळ बुडवायचं, कधी पिळायचं, सावलीत वाळवायचं की उन्हात, सगळं त्याला ठाऊक. अडचण एकच होती. लाल आणि हिरवा त्याला सारखेच दिसत. वडील होते तोवर कुठलं कापड कुठल्या रांजणात घालायचं ते वडीलच सांगत, म्हणून ते कधी उघडं पडलं नाही.

लग्नानंतर महिन्याभरात बायकोच्या हे ध्यानात आलं. त्याला तसं न दाखवता तिने लाल रंगाच्या रांजणाला एका गाठीचा दोरा बांधला आणि हिरव्याला दोन गाठींचा. आमच्या माहेरी असंच करतात, एवढंच म्हणाली. बिचाऱ्याला वाटलं, सगळेच रंगारी गाठी बघून रंग ओळखतात. वीस वर्षं तो असाच सुखात रंगवत राहिला.

एकदा बायको आजारी भावाला बघायला माहेरी गेली. घर सांभाळायला रंगाऱ्याची बहीण आली. ती फार टापटिपीची. तिने रांजण पुसून नव्याने मांडले आणि कळकट दोरे चुलीत घातले. नेमकं त्याच दिवशी राजवाड्यातून लुगडं आलं. राणीच्या डोहाळजेवणासाठी ते हिरवंगार हवं होतं.

"यातला हिरवा कुठला गं?" रंगाऱ्याने विचारलं.

"दादा, थट्टा पुरे," म्हणून बहीण हसत पाण्याला निघून गेली.

पुन्हा विचारायची त्याला लाज वाटली. त्याने अंदाजाने लुगडं बुडवलं, वाळवलं आणि फडक्यात बांधून धाडून दिलं. वाड्यात घडी उलगडली, तर लुगडं लालभडक. याने राणीचा मुद्दाम अपमान केला, असं सगळे म्हणू लागले. राजाने त्याचे रांजण फोडून त्याला गावाबाहेर घालवायचा हुकूम दिला.

बायको परतली ती नवऱ्याला घेऊन तडक दरबारात गेली. तिने सगळं खरं सांगितलं.

राजवैद्याने रंगाऱ्याला विचारलं, असं दिसणं लहानपणापासूनचं की अलीकडचं? कारण डोळ्यांच्या दुखण्याने, एखाद्या जहाल औषधाने किंवा उतारवयातही रंग नीट कळेनासे होतात. रंगारी म्हणाला, लहानपणापासूनचं. मग त्याला आईचे वडील आठवले. ते मिरच्या तोडताना पिकल्या-कच्च्या एकत्रच आणत आणि घरचे त्यांना वेंधळे म्हणत.

"हे आजोळचं देणं," वैद्य म्हणाला. "आईला रंग नीट दिसतात, पण तिच्या रक्तातून ते मुलाकडे येतं. यात ना कोणाचा शाप, ना कोणाचं पाप."

राजाने हुकूम मागे घेतला. रंगाऱ्याचं तिकडे लक्षच नव्हतं. तो बायकोकडे बघत होता.

"वीस वर्षं मला कळू दिलं नाहीस?"

"कळलं असतं, तर तुम्ही रंगात हात घातला असता का?"

त्याचे डोळे भरून आले. राजाला मुजरा करायच्या आधी त्याने भर दरबारात बायकोपुढे हात जोडले.

त्या दिवसापासून तो येणाऱ्याजाणाऱ्याला खुशाल विचारू लागला, यातला हिरवा कुठला? लोक आनंदाने सांगत. आणि कोणी त्याच्या रंगांचं कौतुक केलं, की तो आत हाक मारून बायकोला बाहेर बोलावी आणि म्हणे, "हात माझे आहेत, डोळे हिचे."

बोध: आपली उणीव ज्याने न बोलता भरून काढली, त्याचे उपकार चार लोकांत बोलून दाखवावेत.