हिंदुरावांचा जावई आणि जस्ताची टाकी

एका गावात एक भोळा जावई होता. भोळा म्हणायचं ते जावई म्हणून. दुसरा कुणी असता तर गावानं सरळ बिनडोक म्हटलं असतं. नाव सर्जेराव. सासरे हिंदुराव पोवार यांनी स्थळ बघताना पोराचा ऊस बघितला, पाटाचं पाणी बघितलं, डोकं तेवढं बघायचं राहिलं. मग भोगा आता.

हिंदुरावांचा लोखंडाला जस्त चढवायचा छोटा कारखाना होता. बोल्ट टाकीतल्या औषधी पाण्यात सोडायचे, वीज चालू करायची, की त्यावर जस्ताचा पातळ थर बसतो आणि बोल्ट गंजत नाही. ट्रॉल्या बनवणाऱ्या एका कंपनीचं वर्षभराचं काम मिळायची आशा होती. ते हुकलं तर कारखान्याला कुलूप, हे हिंदुरावांना पक्कं माहीत होतं. नेमक्या अशा वेळी बायकोनं जावयाला कामावर आणून बसवलं. वर बजावलं, "जावई हाईत. तोंड आवरून बोला."

पहिल्या दिवशी सर्जेरावांनी तेलकट बोल्ट तसेच टाकीत सोडले. थर कांद्याच्या सालीसारखा सुटून आला. हिंदुरावांनी तोंड आवरलं.

"पावणं, तेल दिसलं की आदी काढायचं. तेलावर जस्त बसत न्हाई."

"बरं, मामा."

दुसऱ्या दिवशी सर्जेरावांना तेल दिसलं. टाकीतलं बोल्टांचं पिंप फिरवणाऱ्या गिअरपेटीत दिसलं. त्यांनी ते सगळं काढलं, पेटी आतून फडक्यानं पुसूनही घेतली. तासाभरात दाते घासून पेटी जाम झाली.

"पावणं, जे फिरतंय त्याला तेल लागतंयच."

"बरं, मामा. मग काल उलटं का सांगितलं?"

तिसऱ्या दिवशी नवी पेटी बसली. बोल्टांनी भरलेलं जाळीचं पिंप टाकीत गरगर फिरू लागलं. फिरतंय म्हटल्यावर सर्जेरावांनी त्यावर डबाभर तेल ओतलं. बोल्ट गेले आणि टाकीभर पाणीही गेलं. हिंदुराव बाहेर गेले, लिंबाच्या झाडाला चार शिव्या दिल्या आणि परत आले.

"पावणं, आपली वस्तू वाया जाताना दिसली, तर नुसतं बघत हुबं ऱ्हाऊ नका. वाचवा."

"बरं, मामा."

चौथ्या दिवशी कंपनीचे साहेब माल बघायला येणार होते. माल पसंत पडला तर काम पक्कं. हिंदुरावांनी सकाळी टाकी नव्यानं भरली, कंपनीनं नमुन्याला पाठवलेले बोल्ट स्वतःच्या हातानं टांगले आणि जावयाला शेजारी उभं करून समजावलं, "ही अधिकची वायर जस्ताच्या लादीला. ही वजाची बोल्टांना. लादी झिजती, आन् ते जस्त बोल्टांवर जाऊन बसतंय. कळलं?"

"कळलं."

आयुष्यात पहिल्यांदाच काहीतरी कळलं, आणि तिथंच घात झाला.

"मी सायबांना स्टँडवरनं घेऊन येतो. तुमी कशाला हात लावू नका."

एसटी उशिरा आली. दोघं पोचेपर्यंत दुपार झाली. सर्जेराव टाकीपाशी हसतमुख उभे होते. साहेबांनी एक बोल्ट उचलला, त्यावर नट लावला. नट न फिरताच सुळकन खाली घसरला आणि जमिनीवर पडला. दुसऱ्याचं तेच. बोल्ट काळे पडले होते, खाल्ले जाऊन बारीक झाले होते, आटे पार गेले होते.

हिंदुराव जावयाकडं वळले. "पावणं, हात लावला?"

"छ्या! हातमोजे घालून वायरींची अदलाबदल केली. लादी झिजायला लागली हुती, मामा. बघा आता, तांदळाएवढीबी गेली न्हाई."

"आन् बोल्ट?"

"ते झिजले," सर्जेराव समजुतीच्या सुरात म्हणाले, "पर झिजू देत की. ते कुठं आपले हाईत? ते ह्या सायबांचे हाईत."