बेल म्हणजे काय?

एकदा काय झालं, समुद्रकाठच्या एका गावी येसू नावाची तांबटीण राहायची. तांब्यापितळेची भांडी घडवायची. एका सकाळी असं धुकं पडलं, असं धुकं, की तिथल्या राजाला स्वतःच्या मिशा दिसेनात!

तेवढ्यात किनाऱ्याला होडी लागली. होडीतून उतरला एक परदेशी खलाशी. लाल दाढी, नखशिखांत भिजलेला. धावत राजापुढे आला नि ओरडला, "बेल! बेल!"

आता त्याची भाषा कुणाला येणार? राजा म्हणाला, "शिवभक्त दिसतोय." मग टोपलीभर बेलाची पानं आली. खलाशी मान हलवतोय, "बेल! बेल!"

प्रधान म्हणाला, "महाराज, वेल म्हणत असेल." मग वेल आणला, भोपळ्यासकट, बरं का! खलाशी रडकुंडीला आला.

सेनापती म्हणाला, "अहो, बैल!" मग बैल आला, नि खलाशाची दाढीच चाटायला लागला. जो तो पोट धरून हसतोय.

गर्दीत उभी असलेली येसू मात्र हसली नाही. खलाशानं समुद्राकडे बोट केलं, मग कमरेएवढ्या उंचीवर हात धरला, मग तोच हात छातीशी नेला. येसू झटकन पुढं झाली.

"महाराज, याचं लेकरू जहाजावर आहे हो! अन् पुढं आपले खडक!" मग ती खलाशाकडे वळली. "दादा, शब्द राहू दे. हातानं सांग."

खलाशानं हवेतच दोरी धरली, ओढली. "ढण्ण! ढण्ण!"

"घंटा!" येसू ओरडली. "याची बेल म्हणजे घंटा! आवाजावरून जहाजाला किनारा कळेल!"

मग काय! येसू पुढं, खलाशी मागं, त्याच्या मागं धापा टाकत राजा. टेकडीवर भगवतीचं देऊळ. तिथली घंटा एवढी थोरली, की वाजवायला दहा माणसं लागायची. येसूनं एकटीनं दोरी धरली. "आई, हाकेला धाव गं!"

पहिला टोला पडला, धुकं थरथरलं. दुसरा पडला, धुकं पिंजलेल्या कापसासारखं फाटलं. तिसरा पडला, आणि समोर जहाज! खडकापासून अवघं हातभर! गर्रकन वळलं नि अलगद बंदरात शिरलं. एक लाल केसांची चिमुरडी उडी मारून बापाच्या गळ्यात पडली. खलाशी हसतोय, रडतोय, येसूच्या पाया पडतोय!

राजानं येसूला भर दरबारात शालजोडी दिली. आणि बरं का, तेव्हापासून तिथले लोकही आपल्यासारखंच म्हणू लागले, दाराची बेल वाजली, शाळेची बेल झाली.

पुढं बापलेक आपल्या देशी सुखरूप पोचले, येसू आपल्या घरी सुखानं नांदली. चला, आता पांघरुणात शिरा नि मिटा बघू डोळे.