बसायला जागा

एकदा एका शिष्याने आपल्या वृद्ध गुरूंना तातडीने शहरात बोलावून घेतले. शिष्य आता मोठा व्यापारी झाला होता, शिवाय आपल्या सोसायटीचा अध्यक्षही. या दुसऱ्या पदाचा त्याला जरा जास्तच अभिमान होता. त्याच्या सोळा वर्षांच्या मुलाच्या, इंद्रनीलच्या दप्तरात गांजा सापडला होता. गुरूंनी मुलाला शपथ घालावी, नाहीतर उद्याच त्याला घराबाहेर काढतो, असे तो फाटकातच सांगू लागला.

गुरू वर घरी गेलेच नाहीत. म्हणाले, "आज आपण दोघेही सोळा वर्षांचे. मला घटकाभर मित्राशी बोलायचे आहे. कुठे बसायचे ते तू दाखव. अध्यक्षपण मात्र बाजूला ठेव."

शिष्य गोंधळला, पण निघाला. फाटकाजवळच्या कट्ट्यावर लोखंडी टोके बसवली होती, टवाळ पोरांनी तिथे अड्डा जमवू नये म्हणून. पार्किंगमध्ये खेळायला मनाई, घोळक्याने उभे राहायलाही मनाई. गच्चीला कुलूप होते. किल्ली शिष्याच्याच खिशात होती, पण गुरूंनी ती काढू दिली नाही. समोरच्या बागेत जरा टेकले, तोच रखवालदाराने शिट्टी वाजवली, कारण बाग बंद व्हायची वेळ झाली होती. कट्टा, पार्किंग, गच्ची, तिन्हींचे ठराव शिष्याने स्वतः मांडले होते आणि वर्षभर त्याची बढाईही मारली होती.

शेवटी पाय दुखू लागले तेव्हा दोघे रस्त्यापलीकडच्या पानटपरीमागे पोहोचले. खाली सिगारेटची थोटके पडली होती. टपरीवाल्याने दोन क्रेट उलटे घालून फडक्याने पुसले.

"बसा की काका निवांत. हितं कुणी उठवत नाही."

गुरू बसले. मग हळू आवाजात म्हणाले, "मुलाने चूक केली, ती त्याचीच आहे. पण अशा जागी प्रथम तो केवळ बसायलाच आला असेल. ज्यांनी सरकून जागा दिली, त्यांनीच पुढे कधीतरी हातात काहीतरी दिले. नको म्हटले तर हीही जागा जाईल, असे त्या वयात वाटते. शपथ घालून तू ते हातातून काढशील. त्याने बसायचे कुठे, याचा विचार केला आहेस का?"

तेवढ्यात इंद्रनील मित्रांबरोबर तिथे आला. मित्र मागच्या मागे पसार झाले. तो वडिलांकडे पाहत राहिला.

"बाबा, तुम्हालाही उठवलं का?"

त्याच्या विचारण्यात टोमणा नव्हता, उलट थोडी काळजीच होती, आणि म्हणून शिष्याला अधिक लाज वाटली. मुलाला घराबाहेर काढायला निघालेल्या त्या माणसाला मान वर करता येईना.

"हो," तो म्हणाला. "पण तुला मी उठवलं."