फळीवरचे तीन घडे

पूर्वी एका नगरात राजा अंगदत्त राज्य करीत असताना बोधिसत्त्वाने वेशीबाहेर कुंभाराच्या घरी जन्म घेतला होता. पूर्णक नावाचा व्यापारी दरवर्षी त्याच्याच घड्यांत पाणी भरून वाळवंटापार तांडा नेई. घडे भाजायचा आवा उघडायच्या दिवशी पूर्णक स्वतः यायचा, राखेतला पहिला घडा उचलून टिचकी मारायचा आणि त्यातलेच पाणी दोघे प्यायचे. मग कण्या खात दिवसभर गप्पा. सौदा काय, बोलता बोलता होऊन जाई.

पुढे पूर्णकाचा व्याप वाढला. तो गुमास्त्याला धाडू लागला. गुमास्ता घडे गाडीत भरी आणि चालू लागे. बोधिसत्त्वाला फार चुकल्याचुकल्यासारखे होई. दर आव्यातला पहिला घडा तो विकत नसे, फळीवर ठेवी.

"अहो, माणूस मोठा झाला की त्याची आठवण लहान होते," बायको सुमना म्हणे. तो हसे, पण डोळे वाटेवरच असत.

असे तीन घडे झाले. चौथ्या वर्षी पुरात चांगल्या मातीची खाण बुडाली. बोधिसत्त्वाने आवा लावलाच नाही.

"यंदाच्या मातीचा घडा उन्हात पाझरेल," तो गुमास्त्याला म्हणाला. "मालकांना एकदा येऊ द्या, मी समजावून सांगतो."

"त्यांना सवड कुठली?" म्हणत गुमास्त्याने दुसरीकडून घडे घेतले. निरोप काही त्याने पोचवला नाही.

दुसऱ्याच मुक्कामी घडे पाझरले. शंभर माणसांना जेमतेम तीन दिवसांचे पाणी उरले. पूर्णक घोडा दौडवत परतला, तो थेट कुंभाराच्या दारात.

"मागशील ते घे, पण घडे दे!" त्याने मोहरांची थैलीच पुढे केली.

ज्या पावलांची इतकी वर्षे वाट पाहिली ती आली, पण अशी!

"थैली राहू दे. विकायला घडे नाहीतच," तो म्हणाला आणि घरोघर निघाला. गावात प्रत्येक घरी त्याच्या हातचा जुना, वापरातला घडा होता.

"तीन वर्षं तोंड दाखवलं नाही, आता बरं गाव आठवलं!" लोक करवादले.

"तहान त्याला नाही, त्या शंभर जणांना लागणार आहे. त्यांनी आपलं काय वाईट केलंय?"

लोक घरात वळले. एकेक घडा बाहेर आला, विहिरीवर भरून गावच्या गाड्यांत चढला. शेवटी बोधिसत्त्वाने फळीवरचे तिन्ही उतरवले. सवयीने पूर्णकाने एकाला टिचकी मारली.

"हे कुणाचे?"

"तुझेच. दरवर्षीचा पहिला."

पूर्णक ढसढसा रडू लागला.

"रडायला मागाहून ये," बोधिसत्त्व म्हणाला. "आधी गाड्या हाक."

सगळी माणसे वाचली. पुढच्या वर्षी आव्याची राख निवण्याआधीच पूर्णक दारात येऊन बसला होता.

दानशूर उपासकांत रमून गोरगरिबांच्या दारी जायचे विसरलेल्या एका भिक्षूला तथागतांनी ही कथा सांगितली. "तेव्हाचा पूर्णक तू. सुमना म्हणजे आजही तुझ्यासाठी भिक्षा झाकून ठेवणारी ती म्हातारी. कुंभार मी होतो. ही मैत्री-पारमिता, मैत्रीची परिपूर्णता. तिचा घडा तहान लागल्यावर भाजता येत नाही."

भिक्षू उठला आणि पात्र घेऊन म्हातारीच्या दाराकडे चालू लागला.