जुना पासवर्ड

घरातल्या वस्तू एकमेकींशी बोलत, त्या दिवसांतली ही गोष्ट. हेमांगीची अकरा वाजता लॅपटॉपवरून मुलाखत होती. तीन वर्षांनी नोकरीसाठी बोलावणं आलं होतं आणि पावणेअकराला लॅपटॉप वायफायला जोडला जाईना.

तो राउटरला पुन्हा पुन्हा पासवर्ड सांगे. राउटर प्रत्येक वेळी नाही म्हणे.

"चार वर्षं हाच पासवर्ड चालतोय," लॅपटॉप चिडला. "तूच बिघडलायस!"

"मी ठीक आहे. आप्पांचा फोन आणि टीव्ही जोडलेले आहेत की."

हेमांगीने दोघांनाही बंद करून चालू केलं. फरक पडेना. तेवढ्यात तिचे सासरे आप्पा कागद घेऊन आले. "अगं, काल दुरुस्तीवाला पासवर्ड बदलून गेला. तुझा लॅपटॉप तेव्हा बंद होता."

पण लॅपटॉप नवा पासवर्ड विचारेचना. आपला जुनाच घोकत राहिला.

"आधी तो विसर," राउटर म्हणाला.

"विसरलो आणि तू मला ओळखलंच नाहीस तर?"

"आत्ता तरी कुठे ओळखतोय?"

हेमांगीने 'नेटवर्क विसरा'वर बोट दाबलं. घाबरत घाबरत लॅपटॉप जुना पासवर्ड विसरला. मग परक्या पाहुण्यासारखं त्याने हळूच विचारलं, "पासवर्ड काय आहे?"

हेमांगीने कागदावरचं एकेक अक्षर टाकलं. अकरा वाजायला मिनिटभर असताना पडद्यावर एक चेहरा उमटला. "नमस्कार मॅडम, ऐकू येतंय ना?"

"हो," हेमांगी म्हणाली, "येतंय."